लाळ्या-खुरकूत आणि जिवाणूंचा कारखाना



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभा राहिला, की विषय महागाई, बोनस नाहीतर नवे कामगार कायदे यांपैकी एक असणार, असा तुमचा समज असेल. चिटणीसांचाही तसाच होता. आम्ही 'जनावरांच्या लसी' असा विषय कळविला तेव्हा त्यांनी आमचे पत्र दोनदा वाचले, असे ऐकतो. आमचे शालेय शिक्षण नववीला संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, आणि ज्यांना कळते त्यांना विचारून विचारून. तेव्हा शास्त्रज्ञ म्हणून आम्ही येथे उभे नाही. परंतु गेली तीस वर्षे आम्ही दूध संघांतल्या आणि साखर कारखान्यांवरच्या वाहतुकीच्या कामगारांत वावरतो, आणि या लोकांच्या संसाराचा एक खांब चार पायांवर उभा असतो. तो खांब कशाने कोसळतो आणि कशाने सावरता येईल, हे समजून घेणे आमच्याच कामाचा भाग आहे, असे आम्ही मानतो.

दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या साताऱ्या-सांगली-कोल्हापूरकडे उतरतात. बैलगाडीवाला मुकादमाकडून उचल घेतो. तीतून बैल येतात, गाडी दुरुस्त होते, घरातले एखादे लग्नही निघते. मग हंगामभर नवराबायको आणि दोन बैल ती उचल फेडीत राहतात. कारखान्याच्या तळावर शेकडो बैल एका जागी, एका हौदावर. एखाद्या बैलाला ताप भरतो. तो वैरण खात नाही, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, जिभेवर फोड येऊन फुटतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात आणि पाय टेकवेनासा होतो. आठवड्याभरात तळावरची निम्मी दावण लंगडते. पुष्कळ बैल मरत नाहीत, हे खरे. पण जो बैल महिनाभर जू मानेवर घेऊ शकत नाही, तो गाडीवानाच्या हिशेबी मेल्यासारखाच. बरा झाला तरी पुढे उन्हात धापा टाकतो. दूधवाल्याकडे जा, तिथे म्हैस पान्हा चोरते, गाय आटते, गाभण असेल तर गाभडते, आणि पिणारी वासरे कालपर्यंत उड्या मारीत होती ती हृदयाला धक्का बसून उभ्या उभ्या पडतात. उचल मात्र तशीच राहते आणि पुढच्या हंगामावर चढते. लाळ्या-खुरकूत हा आम्ही पशुवैद्यकाच्या पुस्तकात वाचण्याआधी मुकादमाच्या वहीत वाचला आहे.

या रोगाचे कारण सापडले त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. 1898 साली जर्मनीत लोफ्लर आणि फ्रॉश या दोघांनी आजारी जनावराच्या फोडांतले पाणी जिवाणूही अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळले, आणि ते निव्वळ पाणी वासरांना टोचले. वासरे आजारी पडली. म्हणजे जिवाणूपेक्षाही लहान असे काहीतरी गाळणीतून पार झाले होते. जनावरांच्या रोगांत विषाणू हा प्रकार पहिल्यांदा ओळखला गेला तो असा. त्याचा व्यास सुमारे 30 नॅनोमीटर, म्हणजे असे तेहतीस हजारांहून अधिक विषाणू ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरतो.

आता कोणी विचारील, बुळकांडी गेली, मग हा का जात नाही? प्रश्न रास्त आहे. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे 2011 साली जाहीर झाले. त्या रोगाची लस एकदा टोचली की वर्षानुवर्षे काम करी, आणि सगळ्या बुळकांडीला ती एकच लस चालत असे. लाळ्या-खुरकूताचे सात प्रकार आहेत. आपल्याकडे ओ, ए आणि आशिया-1 हे तीन फिरतात. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही, आणि एका प्रकाराच्या पोटातही नवनवे वाण निघत राहतात. शिवाय लसीचा जोर चार-सहा महिन्यांत ओसरतो. 2019 च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने मथुरेत जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात पाच वर्षांसाठी तेरा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर झाले आणि जनावरांना दर सहा महिन्यांनी टोचण्याचे ठरले. कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला दिसतो, तो याच खटाटोपातला.

ही लस आजवर कशी होत आली, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. लस करायची तर विषाणू हवा, आणि विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. हॉलंडात फ्रेंकेल या शास्त्रज्ञाने 1947 च्या सुमारास खाटीकखान्यातून आणलेल्या गुरांच्या जिभांचे वरचे पापुद्रे काढून त्यांत विषाणू वाढविला आणि युरोपात त्यावर लसी निघाल्या. पुढे 1962 च्या सुमारास हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पिलाच्या मूत्रपिंडातील पेशी वापरात आल्या. आज हजारो लिटरांच्या पोलादी टाक्यांत त्या पेशी वाढवितात, त्यांत जिवंत विषाणू सोडतात, तो वाढला की रसायन घालून त्याला मारतात आणि तेलात किंवा ॲल्युमिनियमच्या संयुगात मिसळून बाटलीत भरतात. आपल्या देशातल्या लसी अशाच होतात, आणि हैदराबादला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मालकीचा यातला मोठा कारखाना आहे.

या पद्धतीने जगातली कोट्यवधी जनावरे वाचली. तिला नावे ठेवण्यासाठी आम्ही उभे नाही. पण तिच्यात एक गोष्ट अशी आहे, की जो रोग घालवायचा त्याचाच जिवंत साठा कारखान्यात रोज टाक्याटाक्यांनी तयार करावा लागतो. विषाणू पुरता मेला नाही तर लसच रोग पसरविते. 1980 च्या दशकात युरोपातल्या काही साथींचा माग काढला तेव्हा तो नीट न मारलेल्या लसीपर्यंत पोहोचला. आणि विषाणू मारण्याच्या आधीच बाहेर निसटला तर काय होते, ते इंग्लंडने पाहिले. या हकिकतीवर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण ती आमच्या धंद्याची आहे.

सरे परगण्यात पर्ब्राइट येथे एका आवारात दोन संस्था होत्या. एक सरकारी संशोधनसंस्था, दुसरी मेरियल नावाच्या कंपनीचा लसीचा कारखाना. 2001 साली ब्रिटनमध्ये या रोगाची मोठी साथ येऊन साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली होती, त्यामुळे देश धसका घेऊन होता. 2007 च्या 3 ऑगस्टला त्याच परगण्यात, पर्ब्राइटपासून थोड्याच मैलांवर, गुरांना रोग झाल्याचे निश्चित झाले. विषाणू तपासला तर तो त्या वेळी जगात कोठेही फिरत असलेला वाण नव्हता. 1967 च्या साथीतला, केवळ प्रयोगशाळेत आणि लसीच्या कारखान्यात सांभाळलेला जुना वाण होता. चौकशी झाली. निघाले ते असे, की आवारातून सांडपाणी शेवटच्या प्रक्रियेकडे नेणारी जमिनीखालची गटारे जुनी आणि गळकी होती. जुलैत पाऊस जबर झाला होता. आवारात बांधकाम चालू होते. विषाणू बहुधा गटारातून मातीत उतरला, आणि मातीने भरलेली बांधकामाची वाहने ज्या रस्त्याने गेली त्या रस्त्याने तो शेतापर्यंत गेला.

ही गटारे बदलायला झाली आहेत, हे आधीच ठाऊक होते. खर्च कोणी सोसायचा, याचे भिजत घोंगडे पडले होते.

श्रोतेहो, आम्ही कारखान्यांच्या सुरक्षा समित्यांवर बसलो आहोत. एका ठिकाणी, नाव घेत नाही, चेंबरचे फुटके झाकण बदला म्हणून आम्ही तीन बैठकांत मागणी केली आणि तिन्ही बैठकांच्या इतिवृत्तांत ती 'विचाराधीन' राहिली. तेव्हा पर्ब्राइटचा अहवाल वाचताना आम्हांला परदेश वाचतो आहोत असे वाटलेच नाही. जगातली उत्तमातली उत्तम गाळण्याची यंत्रे, आत-बाहेर जाताना अंघोळ, कपडे बदलणे, सगळे होते. घसरले ते नळावर. यातून 'शास्त्र वाईट' असा अर्थ काढणारे काढतात, आम्ही काढीत नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की जिथे जिवंत विषाणू हजारो लिटर आहे तिथे गवंडी, प्लंबर आणि सफाई कामगार यांच्या कामावर सारा डोलारा उभा असतो, आणि काटकसर नेमकी त्यांच्याच कामात होते.

म्हणून कित्येक वर्षे शास्त्रज्ञांच्या मनात एक विचार घोळत होता, की जिवंत विषाणू न वापरताच लस करता आली तर? जनावराचे रक्त विषाणूला ओळखते ते त्याच्या बाहेरच्या कवचावरून. आत त्याचा आरएनए असतो, म्हणजे विषाणूची स्वतःची नक्कल काढण्याची कृती. रोग करायचा तर ती कृती हवी. ओळख पटवायला नुसते कवच पुरे. तेव्हा कवच करावे आणि आत काही घालू नये. हुबेहूब विषाणूसारखा, पण पोकळ. याला विषाणुसदृश कण म्हणतात. माणसाच्या कावीळ-ब रोगाची लस 1986 पासून यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगविणाऱ्या किण्वात, याच तत्त्वावर होते.

हे कवच कसे असते? चार जातींची प्रथिने, प्रत्येकाचे साठ नग. आधी पाच-पाच नगांच्या टोळ्या होतात, आणि अशा बारा टोळ्या एकमेकींना भिडल्या की गोल कवच उभे राहते. वर मुकादम कोणी नाही. तुकडे घडणीला बरोबर असले आणि भोवतालचे पाणी मानवले, की ते आपण होऊन जागेवर बसतात. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आमच्या ऊसतोडीच्या मित्रांना सांगितले. एकजण म्हणाला, "दादा, मग त्यांची उचल कोण देतो?" त्या प्रश्नाकडे आम्ही येणारच आहोत.

आता जिवाणू. आपल्या आतड्यात राहणारा एशेरिकिया कोलाय नावाचा जिवाणू आहे. चांगले खायला मिळाले तर वीस मिनिटांत तो एकाचे दोन होतो. हॅमस्टरच्या पेशींना त्याच कामाला दिवसाच्या आसपास लागतो, आणि त्यांचे खाणेही नाजूक व महाग. जिवाणूला साखर, क्षार, थोडा यीस्टचा अर्क आणि हवा पुरते. त्याच्या अंगात डीएनएचे एक लहान कडे घालून त्यावर हवे ते प्रथिन लिहून दिले, तर तो ते करू लागतो. येथे बसलेल्यांपैकी जे इन्शुलिन घेतात, त्यांना हा कामगार परका नाही. 1982 पासून माणसाचे इन्शुलिन या जिवाणूकडून करून घेतले जाते.

लाळ्या-खुरकूतावर त्याला लावण्याचा प्रयत्न त्याच्याही आधीचा आहे. 1981 साली अमेरिकेत जेनेंटेक कंपनी आणि प्लम बेटावरची सरकारी प्रयोगशाळा यांनी मिळून विषाणूच्या कवचातले एकच प्रथिन जिवाणूत तयार केले आणि गुरांना व डुकरांना टोचून त्यांत प्रतिकारशक्ती आणून दाखविली. मोठा गाजावाजा झाला. रोग आता संपलाच, अशी हवा निर्माण झाली. पण ती लस बाजारात आली नाही. एकटे सुटे प्रथिन म्हणजे कुलपाच्या आतली एक पट्टी. तिच्यावरून कुलपाची ओळख अर्धीमुर्धीच पटते. अखंड विषाणूच्या मानाने तिचा जोर फार कमी पडला. अखंड कवचच हवे, हे त्या अपयशाने शिकविले, आणि ते साधायला पुढे जवळजवळ तीस वर्षे लागली.

अडचणी दोन होत्या. विषाणू स्वतः आपली प्रथिने एका लांब पट्टीत करतो आणि मग स्वतःच्याच एका कात्रीने ती पट्टी कापून सुटे तुकडे करतो. ही कात्री जिवाणूत घातली तर ती यजमानाच्याही घरातल्या वस्तू कापीत सुटते आणि जिवाणू खंगतो. कात्री न घालता तुकडे वेगवेगळे करावेत, तर दुसरी अडचण. जिवाणू इतक्या घाईने प्रथिने करतो की ती नीट घडी न पडता एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. उकळत्या पाण्यात बेसन भसकन टाकले की पिठल्यात गुठळ्या होतात, तसाच हा प्रकार. मग ते पीठ पातेल्यात असूनही ताटात घेण्यासारखे राहत नाही.

तोड निघाली ती अशी. यीस्टमध्ये सुमो नावाचे एक चिमुकले प्रथिन असते. नावावर जाऊ नका, जपानी पैलवानांशी त्याचा संबंध नाही. ते कवचाच्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्याशी जोडून दिले, की तुकडा पाण्यात विरघळलेला राहतो, गुठळी धरीत नाही. टाकीचे तापमानही उतरवितात, म्हणजे जिवाणूची घाई कमी होते. मग जिवाणू फोडून त्यांतला रस गाळून घेतात, तुकडे वेगळे करतात आणि सुमोपुरतीच चालणारी एक कात्री लावून तो टोपीसारखा उतरवितात. टोपी उतरली की तुकडे टोळ्या करतात, टोळ्या कवच करतात. 2009 साली तैवानातल्या संशोधकांनी या वाटेने कण तयार करून दाखविले. 2013 साली चीनमधील लांझोऊच्या पशुवैद्यक संस्थेने एकाच जिवाणूत तिन्ही तुकडे करून कवच उभारले, ते गिनीपिग, डुकरे आणि गुरे यांना टोचले आणि नंतर खरा जिवंत विषाणू टोचून पाहिला. लसीने संरक्षण दिले. सबंध निर्मितीत जिवंत विषाणूचा एक थेंबही नव्हता. तो लागला तो केवळ शेवटच्या परीक्षेला.

याचा कामगाराच्या दृष्टीने अर्थ पाहा. जिवंत विषाणूच्या कारखान्यात काम करणाऱ्याने बाहेर पडल्यावर काही दिवस गुरांजवळ फिरकायचे नाही, असा नियम असतो, आणि तो योग्यच आहे. पण आपल्याकडच्या कामगाराच्या दारात म्हैस असते. नोकरी ठेवायची तर म्हैस विकायची. जिवाणूच्या टाकीवर काम करणाऱ्याला हा पेच नाही. त्याच्या गटारातून जे जाईल त्याने परगणा आजारी पडणार नाही. म्हणजे गटार गळके ठेवावे असे नव्हे!

शिवाय लस टोचलेले जनावर आणि रोग होऊन बरे झालेले जनावर यांत फरक ओळखणे सोपे जाते. जिवंत विषाणू पेशीत वाढताना काही जादा प्रथिने होतात, ती या कणांत मुळीच नसतात. रक्तात त्यांची खूण सापडली तर जनावराला रोग झाला होता असे समजायचे. ज्या देशाला दूध-मांस बाहेर विकायचे आहे त्याला हे फार उपयोगी आहे.

इतके सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग उद्यापासून हीच लस का नको? येथे आम्हांला तुमचा उत्साह थोडा आवरावा लागेल. हे कवच मुळातच तकलादू असते. टोळी आणि टोळी यांच्या सांध्यावर असे घटक बसलेले आहेत, की पाणी किंचित आंबट झाले की ते एकमेकांना ढकलू लागतात आणि कवच बारा तुकड्यांत उसवते. उष्णतेनेही तेच होते. पोकळ कवच तर आत आरएनएचा आधार नसल्याने आणखीच लवकर ढासळते. उसवलेले कवच म्हणजे पुन्हा 1981 ची कथा. यावर पर्ब्राइट, ऑक्सफर्ड आणि रीडिंगच्या लोकांनी 2013 साली एक उपाय दाखविला. सांध्यावरचा एकच घटक बदलून दोन्ही बाजूंना गंधकाचा टाका घातला, जणू रिव्हेटच मारला. ते काम जिवाणूत नव्हे तर दुसऱ्या पेशींत झाले होते, पण रिव्हेटची युक्ती सर्वांना खुली झाली.

दुसरे, या जिवाणूच्या स्वतःच्या सालीत एक विषारी द्रव्य असते. ते लसीत राहिले तर जनावराला ताप भरतो, म्हणून ते काढावे लागते. माणसाच्या लसीत हे परवडते. चीनमध्ये 2011 साली कावीळ-ई रोगाची जी लस मान्य झाली ती याच जिवाणूत केलेली आहे. गुरांच्या लसीचे गणित निराळे. शुद्धीकरणाच्या ज्या नळ्यांतून माणसाची लस गाळतात त्यांचा खर्च म्हशीच्या लसीवर टाकला, तर लस गोठ्यापर्यंत पोहोचणार नाही. वर्षातून दोनदा, तेही कोट्यवधी जनावरांना टोचायची, म्हणजे दर डोसामागचा प्रत्येक रुपया मोजावा लागतो. आमच्या मते या विद्येची खरी परीक्षा येथे आहे. कण तयार होतो हे सिद्ध झाले, तो स्वस्तात आणि टिकाऊ व्हायचा आहे.

आता त्या मित्राचा प्रश्न, उचल कोण देतो? म्हणजे या बिनमुकादमाच्या टोळ्यांवर मालकी कोणाची? जिवाणू, कडे, सुमो, रिव्हेट, प्रत्येकावर कोणाचे ना कोणाचे पेटंट निघू शकते. आपल्याला हा प्रश्न नवा नाही. पशुरोगांची आपली पहिली सरकारी प्रयोगशाळा 1889 साली पुण्यातच निघाली. चार वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि आज तीच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. पुण्यात औंधला राज्य सरकारची संस्था आजही जनावरांच्या लसी करते. जिवंत लाळ्या-खुरकूताचा कारखाना उभारायला प्रचंड भांडवल लागते, कारण इमारतीतून हवासुद्धा गाळल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही. जिवाणूच्या टाकीला तो बंदोबस्त लागत नाही. म्हणजे राज्याच्या किंवा दूध संघांच्या सहकारी मालकीच्या संस्थेलाही हे काम हाती घेणे शक्य कोटीत येते. सहकाराने साखर केली, दुधाची भुकटी केली. लस का करू नये? आम्ही हा प्रश्न एका दूध संघाच्या सभेत विचारला तेव्हा हशा पिकला. पिकू दे.

आमच्यातलेच काही विचारतात, की या नव्या पद्धतीने जुन्या कारखान्यांतल्या माणसांचे काय? हातमागापासून संगणकापर्यंत हा प्रश्न विचारला गेला आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पेशींच्या टाकीवर वीस वर्षे काढलेल्या माणसाला जिवाणूची टाकी शिकायला फार वेळ लागत नाही. निर्जंतुक नळ, हवा, तापमान, ढवळणी ही कामे दोन्हीकडे आहेत. त्याला शिकवायचे की काढून टाकून कंत्राटी पोरगा आणायचा, हे यंत्र ठरवीत नाही, करार ठरवितो. करारात प्रशिक्षणाचे कलम आताच घालून घ्यावे, असे आम्ही त्या क्षेत्रातल्या संघटनांना सांगत असतो.

आणि एक माणूस या सगळ्या चर्चेत नेहमी राहून जातो, तो टोचणारा. लस कोठेही होवो, ती दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात गोठ्यापर्यंत न्यावी लागते. बर्फाची पेटी मोटारसायकलला बांधून, वाडीवाडीवर, मारक्या म्हशीच्या शिंगांपुढे उभे राहून, पुष्कळ ठिकाणी डोसामागे चार पैसे या हिशेबाने हा माणूस काम करतो. पेटीतला बर्फ वितळला की वर सांगितलेले कवच उसवते आणि जनावराला टोचले जाते ते नुसते तेल. कानातल्या बिल्ल्यावर मात्र नोंद होते की टोचले. रिव्हेट मारलेली, उन्हाला थोडी तरी टिकणारी लस निघाली, तर सर्वांत आधी सुटका होईल ती त्याची. तोवर त्याला चांगली पेटी, पेट्रोलचा खर्च आणि शिंग लागले तर दवाखान्याचा खर्च मिळावा, ही मागणी आमच्या संघटनेने लावून धरली आहे. येत्या हंगामापूर्वी, म्हणजे बैल कारखान्यांच्या तळावर उतरण्याच्या किमान महिनाभर आधी, त्यांना त्यांच्या गावीच टोचून घ्यावे, अशी दुसरी मागणी आहे. तळावर टोचून उपयोग होत नाही, कारण लसीचा जोर यायला दिवस लागतात आणि रोग तोवर थांबत नाही. या दोन्ही मागण्यांचे कागद आम्ही बरोबर आणले आहेत. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी जाताना सही करावी, आणि ज्यांच्या घरी नाही पण सकाळी चहात दूध लागते, त्यांनीही करायला हरकत नाही. काही विचारायचे असल्यास विचारा, आम्हांला ठाऊक असेल ते सांगू.